नातू पाचव्या पानावर का उठला?

वाचकाचं पत्र:

'मी ३६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलांसाठी गोष्टी लिहायला घेतल्या, आता २२ झाल्या आहेत. घरच्यांना आणि जुन्या सहकाऱ्यांना फार आवडल्या. एका प्रकाशकाने "संस्कारक्षम आहेत, पण आमच्या यादीत बसत नाहीत" असं लिहून परत पाठवल्या. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसरा छापायला तयार आहे, पण खर्च माझा आणि ५०० प्रती मीच उचलायच्या. चित्रं माझी भाची काढते आहे. आठ वर्षांच्या नातवाला "खोटारडा टिल्लू" ही खारीच्या पिल्लाची गोष्ट वाचून दाखवली, तर तो पाचव्या पानावर उठून गेला. जाता जाता "टिल्लूचे बाबा कुठे गेले?" एवढं विचारलं. ते या गोष्टीत नाहीत, असं मी सांगितलं. मोबाइलमुळे हल्लीच्या मुलांना गोष्टी नकोशा झाल्यात का? १४ वर्षांच्या नातीसाठी एक कादंबरीही सुरू केली आहे. पहिलं प्रकरण वाचून ती "छान आहे" म्हणाली, पुढचं काही तिने मागितलं नाही. मी पैसे भरून पुस्तक काढू, की लिहिणंच थांबवू? सोबत टिल्लूची गोष्ट जोडली आहे.'
– एक निवृत्त शिक्षिका

नमस्कार बाई,

३६ वर्षं वर्गावर काढलेल्या व्यक्तीला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, म्हणून बाईच म्हणते.

लिहिणं थांबवू नका. पैसेही भरू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं एवढीच आहेत. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि ज्यापाशी मी बराच वेळ थांबले. तिकडे यायचंच आहे. आधी पैशांचा विषय हातावेगळा करू.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. बिॲट्रिक्स पॉटर या इंग्लिश लेखिकेची पीटर सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा तिने डिसेंबर १९०१मध्ये पदरमोड करून २५० प्रती छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९०२मध्ये, फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ती रंगीत चित्रांसह बाजारात आणली. पदरमोड करणारे सगळे लेखक हे उदाहरण देतात. पण त्याच्या मागचं कुणी सांगत नाही. ही गोष्ट सुरू झाली ४ सप्टेंबर १८९३ला, एका पत्रात. पॉटरला पूर्वी शिकवायला येणाऱ्या बाईंचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याला काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिने चार सशांची गोष्ट चित्रं काढत काढत सांगितली. छापखान्यात पैसे मोजण्याच्या आठ वर्षं आधी या गोष्टीला एक वाचक होता, आणि तो अंथरुणात पडल्या पडल्या ती वाचत होता. पुस्तक लहान हातात मावेल एवढंच हवं, हा हट्टही तिने सोडला नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रकाशकाचं गणित साधं आहे. ५०० प्रतींचा खर्च आणि त्याचा नफा तुमच्याकडून आधीच वसूल झाला, की एकाही मुलाने ते पुस्तक उघडलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. प्रती तुमच्या पलंगाखाली राहतील आणि प्रत्येक वाढदिवसाला, मुंजीला एकेक कमी होत जाईल. तरीही कधी कराराचा कागद पुढे आलाच, तर हक्क कुणाकडे राहतात, किती वर्षांसाठी, आणि तीच गोष्ट दुसरीकडे देता येते का, एवढं वाचल्याशिवाय सही करू नका.

भाचीची चित्रंही सध्या बाजूला ठेवा. चित्रकार कोण हे बहुतेक प्रकाशक स्वतः ठरवतात. गोष्ट आवडली आणि चित्रं नाही आवडली, तर दोन्ही एकाच पाकिटातून परत येतात. भाचीला वाईट वाटेल, पण परतीच्या पाकिटाने वाटतं त्यापेक्षा कमीच.

आता टिल्लू.

गोष्ट मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्याने. तुमचं पहिलं पान असं आहे: 'एका घनदाट अरण्यात एक खारुताई राहत होती. तिला टिल्लू नावाचा मुलगा होता. टिल्लू फार हुशार होता, पण त्याला एक वाईट खोड होती. तो सतत खोटं बोलत असे.'

बाई, रागावू नका, पण हे गोष्टीचं पहिलं पान नाही. हा प्रगतिपुस्तकातला शेरा आहे. 'हुशार आहे, पण...' हे तुम्ही आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल! आठ वर्षांच्या मुलाला या शेऱ्याचा वास लांबून येतो. नाव 'खोटारडा टिल्लू', म्हणजे निकाल पाटीवरच लावलेला. आता टिल्लू पकडला जाणार, रडणार आणि सुधारणार, हे नातवाला चौथ्या वाक्याला कळलं. तरी तो आणखी चार पानं बसला. ते तुमच्यावरच्या प्रेमापोटी. मी असते तर तिसऱ्यालाच उठले असते.

ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाच्या 'शार्लट्स वेब'मध्ये (१९५२) एक डुकराचं पिल्लू आणि त्याचा जीव वाचवणारी एक कोळीण आहे. पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत एक मुलगी आईला विचारते, बाबा ती कुऱ्हाड घेऊन कुठे चाललेत? अशक्त जन्मलेलं पिल्लू मारायला बाप निघालाय. एका ओळीत मुलगी, बाप, कुऱ्हाड आणि छातीत धस्स होणं. ही ओळ व्हाइटला पहिल्या बैठकीत सापडलेली नाही. आधीच्या खर्ड्यांत तो कोळिणीपासून, नाहीतर गोठ्याच्या वर्णनापासून सुरुवात करत होता, आणि ती मुलगी तर त्यात नव्हतीच. एक खर्डा पुरा झाल्यावर त्याने तो जवळजवळ वर्षभर बाजूला ठेवला, मग पुन्हा हातात घेतला आणि तेव्हा मुलगी गोष्टीत आली. म्हणजे 'एका घनदाट अरण्यात' तोही उभा होता. फरक इतकाच की तो तिथून निघाला.

तुमची गोष्ट दुसऱ्या कुठल्या दारातून आत जाऊ शकते, ते नुसतं दाखवायचं म्हणून लिहिते. तुमच्या तिसऱ्या पानावर टिल्लू आईने साठवलेला अक्रोड खातो आणि नाही म्हणतो. तिथूनच धरू:

'मी नाही खाल्ला,' टिल्लू म्हणाला.
आईने त्याच्या मिशीकडे पाहिलं. मिशीला टरफल लटकत होतं.
'वाऱ्याने खाल्ला,' टिल्लू म्हणाला.

यात टिल्लू खोटारडा आहे असं मी कुठे म्हटलं नाही. मूल ते टरफल बघतं आणि स्वतः ठरवतं. शिवाय 'वाऱ्याने खाल्ला' म्हणणाऱ्या पिल्लाबद्दल त्याला थोडी आपुलकीही वाटते, कारण गेल्या आठवड्यात त्यानेही असंच काहीतरी सांगितलेलं असतं. तुमच्या टिल्लूबद्दल आपुलकी वाटायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. तुम्ही त्याच्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसला आहात. नातू टिल्लूच्या बाजूला आहे आणि गोष्ट सांगणारी आजी त्या बाजूला नाही, हे त्याला जाणवलं.

तो नेमका कुठे उठला ते मी शोधलं. पाचव्या पानावर घुबडआजोबा येतात आणि टिल्लूला खोटं बोलण्याचे दुष्परिणाम सांगतात. १४ ओळी. मधे ना टिल्लू काही बोलतो, ना काही पडतं, ना कुणी शिंकतं. हे घुबडआजोबा कोण, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, मग बोध द्यायचाच नाही का? हा वाद मुलांच्या पुस्तकांइतकाच जुना आहे. आयझॅक वॉट्स या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७१५मध्ये मुलांसाठी गीतांचं पुस्तक काढलं. त्यात उद्योगी मधमाशीचं उदाहरण देऊन आळस करू नका असं सांगणारी कविता होती. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती घोकली. १८६५मध्ये लुईस कॅरलने 'ॲलिस'मध्ये तिचं विडंबन केलं. मधमाशीच्या जागी मगर आली, आणि ती हसतमुखाने लहान माशांना जबड्यात या म्हणते. आज त्या मगरीला जगभरची मुलं ओळखतात आणि मधमाशी फक्त अभ्यासकांच्या तळटीपांत उरली आहे. त्याच पुस्तकात एक डचेस आहे, तिला प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढायची खोड. ॲलिसच्या खांद्यावर हनुवटी टेकवून ती एकामागून एक तात्पर्यं सांगत सुटते आणि ती टोकदार हनुवटी ॲलिसला टोचत राहते. बोधाचं इतकं नेमकं चित्र दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. हे पुस्तकही आधी तोंडीच सांगितलेलं, बरं का. ४ जुलै १८६२ला, नावेत बसून, तीन लहान बहिणींना.

आपल्याकडचं बघायचं तर 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' आठवा. एक म्हातारी, वाटेतला वाघ, भोपळा आणि चकवा. तात्पर्य काय? शोधूनही सापडत नाही. उलट म्हातारी चक्क थाप मारून सुटते. तरी कितीतरी आज्यांनी ती सांगितली आणि नातवंडांनी 'पुन्हा सांग' म्हटलं. तुम्हीही सांगितली असेल, आणि तेव्हा कुणी पाचव्या पानावर उठलं नसेल.

खरं सांगायचं तर बोधाने ठासून भरलेली आणि तरीही टिकलेली पुस्तकं आहेत. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांना १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी धड पुस्तक मिळेना, तेव्हा त्यांनी कोरी वही आणून स्वतःच लिहिलं आणि रंगवलं. 'श्ट्रुव्हेलपेटर' हे त्याचं नंतर पडलेलं नाव. त्यात प्रत्येक व्रात्य मुलाला शिक्षा होते, पण कशी? अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी भल्यामोठ्या कात्रीने छाटतो. ते इतकं अचाट आहे की मुलं भितात आणि खिदळतातही. मला ते पुस्तक आवडत नाही, पण ते का टिकलं ते कळतं. त्यात १४ ओळींचं भाषण नाही, कात्री आहे.

खोटं बोलण्याचंच घ्या. ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेच्या गोष्टींतली पिप्पी ही मुलगी तर थापांची खाण. काँगोत कुणी म्हणजे कुणीच खरं बोलत नाही, असं ती ठोकून देते. ही पिप्पी १९४१मध्ये जन्मली. लेखिकेची मुलगी न्यूमोनियाने अंथरुणात होती आणि तिने एक विचित्र नाव आयत्या वेळी बनवून 'हिची गोष्ट सांग' म्हटलं. नाव विचित्र, म्हणून मुलगीही विचित्र झाली. १९४४मध्ये बर्फावर घसरून पाय दुखावला आणि लेखिकेला झोपून राहावं लागलं, तेव्हा तिने ती लिहून काढली. स्वीडनच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने परत पाठवली. १९४५मध्ये दुसऱ्या एका संस्थेने छापली. अशी मुलगी पाहून मुलं बिघडतील, अशी ओरड झालीच. पण पिप्पी थापा का मारते याचा अंदाज वाचणाऱ्या मुलाला येतो. तिची आई नाही, बाप समुद्रात गेला तो गेला, एवढ्या मोठ्या घरात ती एकटी राहते. लिंडग्रेन हे आपल्याला समजावत बसत नाही. ती पिप्पीच्या शेजारी बसते.

टिल्लू का खोटं बोलतो? हा प्रश्न तुमच्या २२ पानांत कुणी विचारलेला नाही. आईही नाही, घुबडही नाही.

तुमच्या भाषेबद्दल थोडं. साधे शब्द वापरा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो अर्धाच खरा आहे. डॉ. स्यूसने 'द कॅट इन द हॅट' (१९५७) फक्त २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं, कारण नुकत्या वाचू लागलेल्या मुलांसाठी ठरावीक शब्दांची यादीच त्याला दिलेली होती. पुढे ५० शब्दांत लिहून दाखव अशी पैज लागली आणि १९६०मध्ये त्याने तीही जिंकली. त्या ५० शब्दांतला एकच शब्द उच्चारताना एकापेक्षा जास्त तुकड्यांत मोडतो. हे कसब आहे, सोपेपणा नव्हे. उलट पॉटरने १९०९च्या एका पुस्तकात सशाच्या पिल्लांना सॅलडचा पाला खाऊन झोप येते हे सांगताना 'सोपोरिफिक' हा अगडबंब शब्द बेधडक वापरला. मुलांना तो आवडतो, तोंडात घोळवता येतो. तुमच्या गोष्टीत 'कानउघाडणी' आहे. तो ठेवा, मुलं खरोखर कान उघडणारं कुणीतरी डोळ्यांसमोर आणतील. 'पश्चात्ताप' तीनदा आहे. तो तिन्ही ठिकाणचा काढा. अवघड म्हणून नव्हे. मूल कधी पश्चात्ताप करत नाही. त्याच्या पोटात कसंतरी होतं.

पानांचंही बघा. तुमची गोष्ट हस्तलिखितात २२ पानांची आहे आणि तुम्हाला ती चित्रपुस्तक म्हणून हवी आहे. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचं असतं, कारण छापील कागदाच्या घडीत १६ पानं येतात आणि दोन घड्यांचं पुस्तक बेताच्या खर्चात होतं. नावाचं, हक्कांचं पान वजा केलं की गोष्टीला उरतात १३–१४ जोडपानं. ३२ कोऱ्या पानांची वही शिवा आणि गोष्ट त्यात कापून चिकटवा. कुठे पान उलटावंसं वाटतं आणि कुठे वाटत नाही, हे हातालाच कळेल. मॉरिस सेंडॅकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये (१९६३) इंग्रजी शब्द जेमतेम साडेतीनशे आहेत. मुलगा रागावून जसजसा आपल्या कल्पनेच्या बेटाकडे जातो तसतशी चित्रं पानभर पसरत जातात. बेटावर पोचून धिंगाणा सुरू झाला की तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. राग शांत होतो तशी चित्रंही पुन्हा आक्रसतात. सेंडॅकला म्हणे आधी राक्षसांच्या जागी घोडे हवे होते, पण त्याला घोडे धड काढता येईनात. आईशी भांडलेल्या मुलाबद्दल सेंडॅकने एकही वाईट शब्द लिहिलेला नाही, आणि परतल्यावर मुलगा माफीही मागत नाही. त्याचं जेवण खोलीत ठेवलेलं असतं, गरम.

मोबाइलचं तुम्ही विचारलंत, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ज्याला गोष्ट नकोशी झाली असती तो न विचारता उठला असता. तुमचा नातू प्रश्न विचारून उठला.

आणि असा वाचक घरात असणं म्हणजे काय, ते प्रकाशकांना विचारा. १९३६मध्ये टोल्किनच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित आलं, तेव्हा प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. अशा अभिप्रायाचा दर एक शिलिंग होता. मुलाने लिहून दिलं की चांगलं आहे, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल. दहा वर्षांच्या माणसाने नऊ वर्षांच्यांना किती तुच्छ लेखावं! पुस्तक १९३७मध्ये आलं. हॅरी पॉटरच्या वेळीही तसंच झालं. पहिलं प्रकरण प्रकाशनसंस्थेच्या अध्यक्षांच्या आठ वर्षांच्या मुलीने वाचलं आणि पुढचं कुठे आहे म्हणून धोशा लावला.

मी मुलांच्या एका मासिकात काम करायचे तेव्हा मीही एक गोष्ट लिहिली होती. पाळलेलं मांजर हरवतं आणि शेवटी त्या मुलीला जबाबदारीचं महत्त्व पटतं. कार्यालयात सगळे 'वा वा' म्हणाले. महिन्याभराने एका सात वर्षांच्या वाचक मुलीचं पोस्टकार्ड आलं: 'गोष्ट चांगली आहे. मांजर सापडल्यावर मी वाचायची थांबले. तुम्ही का नाही थांबला?' ते कार्ड मी अजून ठेवलं आहे. दुसरं वाक्य वाचून आधी राग आला होता, हेही कबूल करते.

म्हणून पुढच्या वेळी नातवाला वाचून दाखवाल तेव्हा शेजारी पेन्सिल ठेवा. त्याने चाळवाचाळव केली, खिडकीकडे पाहिलं, पायाने टेबल ठोकलं, की त्या ओळीपाशी टिंब. काही म्हणू नका, फक्त टिंब. घरच्या मोठ्या माणसांचं कौतुक या कामी उपयोगाचं नाही. ते तुमचं कौतुक करतात, गोष्टीचं नाही. आणि गोष्ट कशी वाटली, असं नातवालाही विचारू नका. आजीला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलायला आठ वर्षांचं वय पुरेसं असतं.

चौदा वर्षांचं तर सहजच पुरतं. नातीचं 'छान आहे' हा सभ्य नकार आहे, हे तुम्हीही ओळखलंत, नाहीतर पत्रात लिहिलं नसतं. तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण तुम्ही पाठवलेलं नाही, पण ते 'आमच्या वेळी' या सुरात असावं, असा मला दाट संशय आहे. कुमारवयाच्या पुस्तकांत खरी गोम इथेच असते. ६० वर्षांच्या माणसाने १४व्या वर्षाकडे मागे वळून पाहिलं की जे लिहिलं जातं ते ६० वर्षांच्या माणसांसाठी असतं. गोड, हळवं, सगळ्याचा अर्थ लागलेलं. १४व्या वर्षी कशाचाच अर्थ लागलेला नसतो आणि मागे वळून बघायला मागे काही नसतं.

एस. ई. हिंटनने 'द आउटसायडर्स' लिहायला घेतलं ते १५व्या वर्षी. पुस्तक १९६७मध्ये आलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांबद्दल एका मुलीने लिहिलंय हे कळून समीक्षकांनी आधीच नाक मुरडू नये, म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. त्या वयाच्या मुलांना स्वतःबद्दल वाचायला मिळतं ते खोटं असतं, या चिडीतून ते लिहिलेलं आहे आणि ती चीड पानापानावर आहे. तुम्ही १५ वर्षांच्या होऊ शकत नाही, हे मान्य. कॅथरीन पॅटरसनही नव्हती. १९७४मध्ये तिच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली. मुलगा सावरेना, आईला उत्तर सापडेना. 'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७७) हे पुस्तक त्यातून आलं. त्यातही मैत्रीण मरते आणि ती का मेली याचं उत्तर कुणी मोठं माणूस देत नाही. आधी मुलगा मानायलाच तयार नसतो, मग चिडतो. लेखिका तेव्हा ४० पार होती, पण मुलापेक्षा आपल्याला जास्त कळतं असा आव तिने कुठे आणला नाही.

तुमच्या १४व्या वर्षातला एक दिवस घ्या. ज्या दिवशी तुम्ही कुणाशी तरी वाईट वागलात, असा. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही असं समजून लिहा. आजी त्यात कुठे येऊ देऊ नका. मग प्रकरण नातीच्या टेबलावर ठेवा आणि विषय काढू नका. मागितलं तर कळेलच.

आता त्या वाक्याकडे. 'टिल्लूचे बाबा कुठे गेले?'

'शार्लट्स वेब' लिहिताना व्हाइट कोळ्यांबद्दल वाचत होता आणि त्यांना निरखतही होता. गोठ्यातला अंड्यांचा एक कोश त्याने चक्क मिठाईच्या खोक्यात घालून शहरातल्या घरी नेला. पिल्लं तिथेच बाहेर आली आणि आरशाच्या टेबलावर जाळी विणू लागली. तुम्ही खारी निरखल्यात का? काही जातींच्या खारींची एक सवय आहे. दाणा पुरताना दुसरी खार बघत असली, तर त्या पुरल्याचं नाटक करतात. खड्डा खणतात, माती ओढतात, थोपटतातही, आणि दाणा तोंडातच ठेवून दुसरीकडे निघून जातात. तुमच्या घुबडआजोबांनी १४ ओळी जिच्याविरुद्ध खर्च केल्या ती खोड म्हणजे खारीचं पोट आहे. आणि दुसरं, पिल्लं एकटी आईच वाढवते. नर थांबत नाही.

म्हणजे नातवाने विचारलं त्याला उत्तर आहे, आणि टिल्लूलाही ते कुणीतरी कधीतरी विचारलं असणार. शेजारच्या फांदीवरच्या पिल्लांनी, खेळताना, सगळ्यांसमोर. तेव्हा तो काय म्हणाला असेल? अक्रोड वाऱ्याने खाल्ला म्हणणारं पिल्लू याला काय उत्तर देईल? पहिलं खोटं तेच असेल का?

मला माहीत नाही. गोष्ट तुमची आहे. नातवाला पुन्हा बोलवा, या वेळी वही मिटून ठेवा, आणि टिल्लूचे बाबा कुठे गेले असतील असं त्यालाच विचारा. तो सांगेल ते लिहून घ्या आणि मला पाठवा. पाचव्या पानापुढे मलाही वाचायचंय.